गव्हाशिवाय डब्यातला रोल

प्रश्न : मुलीला सिलिअ‍ॅक आजार आहे, त्यामुळे गहू पूर्ण बंद. डब्यात भाजी भरून रोल द्यावा म्हटलं, तर ज्वारीची भाकरी गुंडाळतानाच मोडते. सकाळच्या घाईत जमेल असं शाकाहारी काही सुचवाल का?

उत्तर : ज्वारीत ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन, सिलिअ‍ॅकमध्ये तेच चालत नाही) नसतं, म्हणून भाकरीला पोळीसारखा ताण येत नाही. उकड काढून, पिठात वाटीमागे चमचाभर इसबगोल घालून लाटली, तर गरम असताना ती छान वळते. पण गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत भाकरी तडकते. तेव्हा ज्वारीचा रोल घरी, तव्यावरून ताटात. डब्याला बेसनाचं धिरडंच बरं.

3 धिरड्यांसाठी 100 ग्रॅम बेसन, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद, चिमूटभर ओवा, चमचाभर तेल आणि साधारण 180 मिली पाणी घ्या. आधी निम्म्या पाण्यात गुठळ्या मोडा, मग उरलेलं ओता. 10 मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात भाजी होते. कुरकुरीतपणासाठी एरवी तांदळाचं पीठ घालतो, ते इथे अजिबात नको. घडीवर धिरडं फुटतं ते बहुतेकदा त्यानेच.

तवा मध्यम तापवा. फार तापला तर पीठ पसरायच्या आत धरतं आणि धिरडं जाड होतं. डावभर पीठ 7 इंच पसरून झाकण ठेवा. वरचा ओलेपणा गेला, कडा सुटल्या की उलटा आणि अर्ध्या मिनिटात उतरवा. कडा कडक होऊ देऊ नका. धिरडी एकावर एक रचून फडक्याखाली ठेवा, वाफेने मऊ राहतात.

भाजीत 100 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेला कोबी. मोठ्या आचेवर दोनच मिनिटं परता आणि मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर कोबी पाणी सोडतो आणि रोल खालून भिजतो. हिरव्या चटणीत पाण्याऐवजी मूठभर डाळं वाटा. भाजी पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : हिंग. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरचे घटक वाचा. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

प्रश्न : गिरणीतून दळून आणलेलं बेसन चालेल का?

उत्तर : सिलिअ‍ॅक असेल तर नाही. गिरणीत आधीच्या दळणाचं गव्हाचं पीठ उरलेलं असतं. आधी किलोभर डाळ दळून ती बाजूला काढली, तरी खात्री देता येत नाही. घरघंटी असेल तर ती गव्हासाठी वापरायचीच नाही, हे पक्कं ठरवा. नसेल तर ‘ग्लूटेन-मुक्त’ छापलेलं पाकीट घ्या. भारतात त्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची कमाल मर्यादा आहे. घरी ज्वारीची भाकरी लाटणार असाल, तर लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं हवं, कारण लाकडाच्या भेगांत कणीक अडकून राहते आणि धुऊन सगळी निघत नाही. वेगळा पोळपाट येईपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या कागदावर हातानेच थापा.