चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी: घर आवरावे कसे आणि पन्हे करावे केव्हा?

प्रश्न: आमचे घर दोन खोल्यांचे आहे. पुढच्या शुक्रवारी चैत्रगौरीचे हळदीकुंकू करायचे असून साधारण चाळीसजणी येतील. दिवाणावर, टीपॉयवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर रद्दी, मुलांची पुस्तके, सासूबाईंच्या जुन्या बरण्या असा पसारा साचला आहे. मी नोकरी करत असल्याने हाताशी फक्त संध्याकाळ असते. दरवर्षी ऐन वेळी सगळे पिशव्यांत कोंबून आतल्या खोलीत ढकलले जाते, आणि पन्हे करायला उशीर झाल्यामुळे ते कोमटच द्यावे लागते. काय करावे?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सर्वप्रथम एक विनंती करते. या आठवड्यात माळा अजिबात उघडू नका. माळ्यावरचे डबे एकदा खाली उतरले की ते परत वर चढवायला नोकरदार घरात वेळ मिळत नाही, आणि त्यातले काय ठेवायचे, काय द्यायचे हे ठरवताना घरातल्या प्रत्येकाला विचारावे लागते. सासूबाईंच्या बरण्या तर त्यांना विचारल्याशिवाय भंगारात देऊच नयेत. समारंभाच्या तोंडावर हा विषय निघाला तर मनस्ताप दोघींनाही होतो. हळदीकुंकवापूर्वी घर फक्त आवरावे आणि वस्तू कमी करण्याचे काम मुलांच्या सुट्टीत, सवडीने करावे. रद्दी मात्र रविवारीच देऊन टाका, कारण तिच्याबद्दल कोणाचे दुमत नसते आणि दिवाण एका तासात मोकळा होतो.

सोमवारी गौरीची जागा ठरवा. आरास जिथे मांडायची तो कोपरा आधी रिकामा झाला की बाकीच्या वस्तूंना कुठे जायचे ते आपोआप समजते. इथे आपल्या परंपरेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. चैत्रगौरीपुढे फळे आणि फराळाच्या ताटांबरोबर बाहुल्या, भातुकली, लाकडी खेळणी, शंख-शिंपले मांडण्याची जुनी रीत आहे. शोकेसमध्ये दाटीवाटीने बसलेल्या अशा वस्तू पुसून आराशीत घ्या. शोकेस मोकळे होईल आणि मुलांनाही मांडणीत भाग घेता येईल.

त्यानंतर येणाऱ्या बायकांच्या वाटेने एकदा स्वतः चालून पाहा. दाराबाहेर चपलांना जागा हवी, म्हणून घरातल्या जास्तीच्या चपला त्या दिवसापुरत्या आत घ्याव्यात. बेसिनजवळचा टॉवेल धुतलेला असावा. पलंग पिशव्यांनी भरू नये, कारण एखादी लेकुरवाळी बाळाला निजवायला जागा मागते, किंवा गुडघे दुखणाऱ्या आजींना भारतीय बैठकीवर बसता येत नाही. पुस्तके एका खोक्यात भरून पलंगाखाली सरकवावीत आणि खोक्यावर आत काय आहे ते लिहावे, म्हणजे शनिवारी शोधाशोध होणार नाही.

आता फ्रिज. माझ्या मते या समारंभासाठी सर्वांत महत्त्वाची आवराआवर फ्रिजचीच असते, आणि ती बहुतेक घरांत राहून जाते. आपले पन्हे कोमट राहते त्याचे कारण केवळ उशीर हे नाही. फ्रिजमध्ये पाण्याला जागाच नसते. मंगळवारी व बुधवारी उरलेसुरले पदार्थ संपवून एक पूर्ण कप्पा मोकळा करा. पाण्याचे मोठे पातेले थंड व्हायला फार वेळ घेते, म्हणून पाणी बाटल्यांत भरून गुरुवारी रात्रीच आत ठेवावे. माठ असेल तर तेवढ्या बाटल्या कमी लागतील. बर्फ लावायचा असल्यास तोही पिण्याच्याच पाण्याचा असावा.

पन्ह्याचा गर बुधवारी रात्री करता येतो. पेला साधारण १५० मिलिलिटरचा धरला तर चाळीस पेल्यांना सहा लिटर पन्हे लागेल. दीड किलो कैऱ्या घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा मागणारीलाही मिळेल. कैऱ्या कुकरच्या भांड्यात पाणी न घालता वाफवाव्यात. साल हिरवी जाऊन पिवळट झाली आणि बोटाने दाबताच सुटू लागली की गर तयार झाला असे समजावे. साल-कोय काढून गर गरम असतानाच त्यात दुप्पट चिरलेला गूळ घालावा. कैरी कमी आंबट असेल तर दीडपट पुरे. गूळ विरघळला की मिश्रण गाळणीतून घासून काढावे. त्यामुळे कैरीच्या दशा आणि गुळातला कचरा दोन्ही वर राहतात. चवीपुरते मीठ घालून ते काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावे. अॅल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे आंबट पदार्थाला वापरू नये.

शुक्रवारी पेल्यात दोन मोठे चमचे गर आणि वर थंड पाणी, एवढेच काम उरते. वेलचीपूड व गरम करून चुरडलेले केशर त्या दिवशीच घालावे, कारण आधी घातल्यास वेलचीचा वास उतरतो. एका तांब्यात जिरेपूड घातलेले पातळ ताक जरूर ठेवा. गुळातही साखरच असते, त्यामुळे मधुमेह असलेल्या बायका पन्हे नाकारतात आणि संकोचाने दुसरे काही मागत नाहीत. त्यांना आपण होऊन ताक विचारणे हे यजमानीण म्हणून आपले काम आहे.

ओट्यावर त्या संध्याकाळी फक्त पेले, पाणी, गर आणि आंब्याच्या डाळीचे पातेले असावे. ओटीचे भिजवलेले हरभरे, हळदकुंकू आणि अत्तर गौरीजवळ ठेवावे, म्हणजे स्वयंपाकघरात दोघींची गर्दी होणार नाही.

प्रश्न: पाहुणे येण्यापूर्वी सकाळीच लिंबाचे सरबत करून ठेवले तर संध्याकाळपर्यंत ते कडवट होते. असे का?
एक वाचक, सांगली

उत्तर: लिंबू जोराने पिळल्यास सालीचा व पांढऱ्या भागाचा अर्क रसात उतरतो, बिया राहिल्यास त्यांचाही कडवटपणा त्यात येतो, आणि रस जसा जास्त वेळ राहतो तशी ती चव वाढत जाते. साखरेचा पाक मीठ घालून आदल्या दिवशी करावा, पण लिंबे पाहुणे येण्याच्या तासभर आधी हलक्या हाताने पिळून रस लगेच गाळावा. सब्जा घालणार असाल तर तो वीस मिनिटे वेगळा भिजवून आयत्या वेळी पेल्यात घालावा.