थवा टिकवायचा तर: खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: दुकानात एकत्र पोहणारे मासे घरी आले की फुटतात. त्यामुळे आधी एक गोष्ट. समुद्रात मासे थवा करतात ते मुख्यतः भीतीपोटी. मोठ्या माशाला एकटा सापडू नये म्हणून लहान मासा इतरांच्या अंगाला अंग लावून पोहतो. टाकीत शिकारी नसतो. आठवड्याभरात माशांच्या हे लक्षात येतं आणि मग सोबत्यापेक्षा जागा महत्त्वाची ठरते. म्हणून टाकीतला थवा हा मुळात सैलच असतो. तो भांडणाविना टिकवणं एवढं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी जात निवडण्यापासून चारा देण्यापर्यंत सगळा थवा एकच जीव मानून वागावं लागतं.

साडेतीन फुटी टाकीत आठ हिरवे क्रोमिस सोडले. माशांच्या घाणीतून होणारी अमोनिया, नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य आहेत. तरी दर दोन-तीन आठवड्यांनी एक कमी होतो. पाच महिन्यांत तीन उरले. काय चुकतंय? (रत्नागिरी)

क्रोमिसच्या बाबतीत हे इतक्या जणांकडे घडतं की याला अपवाद म्हणता येणार नाही. कारणं दोन, आणि ती बहुधा एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं म्हणजे उतरंड. क्रोमिस हा डॅमसेलच्याच, म्हणजे हद्दीसाठी भांडणाऱ्या लहान माशांच्या कुळातला. सर्वांत मोठा मासा सर्वांत लहानाला हाकलतो, तो कोपऱ्यात दबून राहतो, त्याला खायला मिळत नाही, एक दिवस तो मरतो. मग त्याच्या वरचा तळाला येतो. समुद्रात दबलेला मासा दहा फूट लांब जातो, साडेतीन फुटात तो जाणार कुठे? मोठा उघडपणे चावताना दिसेलच असं नाही. शेपटीची टोकं फाटलेली आणि एकच मासा कायम वरच्या कोपऱ्यात, एवढी खूण पुरेशी आहे.

दुसरं कारण युरोनेमा नावाचा एकपेशीय परजीवी. माशाच्या कुशीवर लालसर, खरवडल्यासारखा डाग उठतो, श्वास जलद होतो आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. हा जीव पाण्यातल्या जिवाणूंवरही जगतो, त्यामुळे टाकी काही महिने माशांविना ठेवून तो संपत नाही. बाधा मांसात शिरली की पाण्यात टाकलेलं औषध तिथवर पोचत नाही. म्हणून दुकानातच पाहा. ज्या टाकीत एकाही क्रोमिसच्या कुशीवर लाल डाग असेल, त्या टाकीतला एकही घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आता उरलेल्या तिघांत नवे पाच थेट सोडू नका. जुने जागेचे मालक झालेत. नवा थवा आणायचाच तर जुन्यांपेक्षा जास्त संख्येने, सगळे एकाच दिवशी, एकाच मापाचे, अडीच-तीन सेंटिमीटरचे आणा. आधी वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या ८०-१०० लिटरच्या टाकीत ३० दिवस ठेवा. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि मुख्य टाकीत महिनाभर मुरलेला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर पुरतो. आठ-दहा माशांचा भार स्पंजवर एकदम पडतो, त्यामुळे पहिले दहा दिवस अमोनिया रोज मोजा. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर आयॉनिक कॉपर (पाण्यात सुटं राहणारं तांब्याचं औषध) लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या पातळीवर सलग २१ दिवस राखा. औषधाच्या बाटलीवरचा डोस अंदाज असतो, खरा आकडा टेस्ट किटचा. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाला बांधलेलं कॉपर वापरत असाल तर त्याची पातळी वेगळी असते, हा आकडा त्याला लावू नका. आणि कॉपर मुख्य टाकीत कधीच नाही. त्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात आणि दगड-वाळू ते शोषून घेतात.

मुख्य टाकीत सोडताना दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. नव्यांना भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत आठवडाभर आतच ठेवा. विषम संख्येत घेतले की भांडत नाहीत, असं अनेक दुकानदार सांगतात. त्यात तथ्य नाही.

चार बाय दोन बाय दोन फुटी टाकी आहे. खरोखर एकत्र राहणारे मासे कोणते घ्यावेत? (अलिबाग)

म्हणजे साधारण ४५० लिटर. आमची पहिली पसंती पजामा कार्डिनल. पाच-सहा घ्या. आठेक सेंटिमीटरच्या पुढे वाढत नाहीत, पाण्यात एकाच ठिकाणी तरंगत राहतात, भांडण फार कमी. धावता, चमकता थवा डोळ्यांपुढे असेल तर मात्र निराशा होईल, हे निशाचर मासे आहेत.

लायरटेल अँथियास दिसायला फार देखणे. एक नर आणि चार-पाच माद्या. सगळ्या माद्याच घेतल्या तरी चालतं, सर्वांत मोठी मादी काही आठवड्यांत नर होते. दोन नर मात्र या मापात नकोत. अडचण पोटाची आहे. हे दिवसभर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपणारे मासे, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावंच लागतं. सकाळी ऑफिसला जाऊन रात्री परतणाऱ्याच्या घरी ते हळूहळू खंगतात.

बांगाई कार्डिनल थवा म्हणून विकले जातात, तसे घेऊ नका. वयात आले की एक जोडी जमते आणि ती बाकीच्यांना मारते. जोडी म्हणून मात्र उत्तम. नर अंडी आणि पिल्लं मिळून जवळजवळ महिनाभर तोंडात सांभाळतो आणि त्या काळात खात नाही. हा मासा मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा आणि व्यापारासाठी उपसला गेल्यामुळे धोक्यात आलेला. कैदेत पैदास झालेलाच मागा.

पट्टेरी ईल कॅटफिशची पिल्लं चेंडूसारखा घट्ट गोळा करून फिरतात, ते पाहून मोह होतो. पण ती फूटभर होतात, आणि पाठीचे व बाजूचे काटे विषारी आहेत. टोचल्यास हात सोसवेल तितक्या गरम, म्हणजे ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. मुलं असलेल्या घरात नकोच.

घर समुद्राजवळ आहे. थेट समुद्राचं पाणी वापरता येईल का? (देवगड)

येईल, आणि चांगलं मिळालं तर मीठ विरघळवून केलेल्या पाण्यापेक्षा फार स्वस्त पडेल. पण केव्हा आणि कुठून, यावर सगळं आहे.

जूनपासून ऑक्टोबर सरेपर्यंत नाही. नद्या-ओढ्यांचं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्यालगत पसरलेला असतो. नोव्हेंबर ते मे या काळात घ्या. खाडीच्या मुखापासून, बंदराच्या धक्क्यापासून आणि गावाच्या सांडपाण्यापासून दूर. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर येतं म्हणून भरती पूर्ण होत आल्यावर भरा, तेही उधाणाला नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते आणि पाणी निवळ असतं. ओळखीचा कोणी मच्छीमार बाहेर जात असेल आणि त्याने चार-पाच किलोमीटरवरून ड्रम भरून आणला तर सर्वांत उत्तम. ड्रम खाद्यपदार्थांचाच, डिझेलचा कधीही नाही.

पाणी झाकून अंधारात आठवडाभर निवळू द्या. तळाचं दहा सेंटिमीटर सोडून वरचं सायफनने काढा आणि बारीक फिल्टर सॉकमधून गाळा. मग निर्जंतुक करायचं. बिनवासाचं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटरला २० मिली, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन. २४ तास हवा चालू ठेवा. नंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला ७ ग्रॅम विरघळवून घाला, आणखी एक दिवस हवा द्या आणि क्लोरीनची पट्टी शून्य दाखवेपर्यंत वापरू नका. शेवटी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण: विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. कमी भरलं तर सागरी मीठ घालून वाढवा, जास्त भरलं तर आरओचं पाणी. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता (आम्लता रोखणारी द्रव्यं) काहीच नसतं.

पावसाळ्याचे पाच महिने सागरी मिठावरच काढावे लागतील. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३६ ग्रॅम.

ओहोटीला कातळावरच्या डबक्यांत पिवळसर, काळ्या पट्ट्यांची पिल्लं मिळतात. ती आणली तर? आणि मुलाला तारल्यांचा थवा हवाय. (गुहागर)

ते सार्जंट मेजर. लहानपणी छान घोळका करतात, काटक असतात, काहीही खातात. वर्षभरात मात्र बोटाएवढे होतात आणि मग टाकीतल्या प्रत्येकाला झोडपतात. पुढे पंधरा सेंटिमीटरच्या वर जातात. फक्त त्यांचीच सहा फुटी टाकी असेल तर आणा. स्थानिक माशांत थवा म्हणून आम्ही मोनो सुचवू. रुपेरी, चपटा, खाडीच्या तोंडाशी सापडणारा. मोठा झाल्यावरही सोबत सोडत नाही. पण वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, म्हणजे पाच माशांना सहा फुटी टाकी हवीच. खाडीतून आणलेल्याला एकदम खाऱ्या पाण्यात टाकू नका, खारटपणा रोज हजारी दोन भाग असा चढवा.

तारली नाही. हाताळताच तिचे खवले सुटतात, ती क्षणभर थांबत नाही आणि कोपऱ्यावर आपटत राहते. मोठ्या मत्स्यालयांतही तिला कोपरे नसलेल्या प्रचंड टाक्या लागतात.

डबक्यातून दगड किंवा प्रवाळ मात्र उचलू नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि मालवणचा काही सागरी भाग तर १९८७ पासून अभयारण्य आहे. कोरडा रॉक विकत घ्या, चार-सहा आठवड्यांत त्यावर जिवाणू बसतात.

बाजारातला जवळा, कोळंबी चालेल का? (श्रीवर्धन)

ताजी करंदी किंवा ताजा जवळा चालतो. आरओच्या पाण्यात धुवा, कोळंबी सोलून माशाच्या डोळ्याएवढे तुकडे करा, पातळ थर करून आठवडाभर गोठवा, मग वापरा. तिसऱ्याही चालतात. सुका जवळा नको, त्यात वाळू आणि मीठ असतं. तारली, बांगडा यांचा तेलकट तवंग पाण्यावर बसतो, स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा फेस मरतो. एका वेळी दोन मिनिटांत संपेल तेवढंच, आणि टाकीच्या दोन्ही टोकांना एकदम टाका, म्हणजे दबलेल्यालाही घास मिळतो.

मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर जातं आणि वीजही जाते. थव्याला धोका किती? (वेंगुर्ले)

मोठा. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३१ अंशांना सुमारे ६.१. त्याच वेळी उष्णतेने माशांची गरज वाढते, आणि तुमच्याकडे एक नाही, दहा तोंडं आहेत. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात ते हवा कोरडी असताना. कोकणातल्या दमट मे-जूनमध्ये बाष्पीभवनच मंदावतं, मग चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला पर्याय नाही. ४५० लिटरला पाव हॉर्सपॉवर. पंखा वापरत असाल तर उडालेलं पाणी आरओच्या पाण्यानेच भरा. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलं तर खारटपणा चढत जातो.

विजेसाठी दोन तासांचा विचार करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप पहिल्यांदा घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्यावर स्किमर, दिवे, चिलर काही नको, फक्त १५ वॅटचा वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप, पाण्याचा पृष्ठभाग ढवळेल असा वर तोंड केलेला. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर तो जवळपास दिवसभर चालतो. चारा बंद. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवा आणि झाकण लावलेल्या एकेक करून सोडा, तासाला एक अंशाहून जास्त उतरू देऊ नका. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) दोन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी फेकून द्या. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात आणि ते सडकं पाणी टाकीत गेलं तर वादळातून वाचलेले मासे त्या रात्री जातात.