रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५०: स्टॉक इंजिनला कोणता कॅम बसवावा?

इंजिन स्टॉक (कंपनीतून आलं तसं), बदल फक्त एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरचा, आणि गाडी रोज सिंहगड रोडवर. मग सौम्य कॅमच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घ्या. मोठ्या ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जितका काळ उघडा राहतो तो) मोहात पडू नका. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की कमी आरपीएमला भरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं परत ढकललं जातं, आणि ९.५:१ कॉम्प्रेशनला (मिश्रण जितक्या पट दाबलं जातं ते प्रमाण) हा तोटा भरून काढता येत नाही. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते, आयडलही (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) अडखळतो.

लिफ्ट (व्हॉल्व्ह जितका उचलला जातो ते अंतर) थोडी जास्त, ड्युरेशन स्टॉकच्या जवळ, असा कॅम ताम्हिणीच्या चढावरही मजा देतो. दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन एकाच लिफ्टवर, समजा १ मिमीवर, मोजलेलं आहे ना ते बघा. नाहीतर कॅटलॉगमधले आकडे फसवतात.

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनपासून पुरेसा लांब राहतो ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्याच. पिस्टनवर मऊ क्ले ठेवून इंजिन हाताने फिरवलं की अंतर कळतं. नव्या कॅमसाठी लागणाऱ्या ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगचे पैसे आधीच बाजूला ठेवा. तेवढं बजेट नसेल, तर सध्या कॅम बदलणं थांबवा.