आधी डॉक्टरांना फोन, सासूबाई नंतर

ताई,

तुमच्या पत्रात दोन पानं सासूबाईंवर, अर्धं पान डॉक्टरांवर. नवऱ्याला बायपोलर (मन कधी उन्मादात, कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) आहे, माघापासून ते अंथरूण सोडत नाहीत, सासूबाई म्हणतात देवाला गाऱ्हाणं घाला, आणि तुमचा प्रश्न, ‘लॅमोट्रिजिन लागू पडत नाही, दुसरी कुठली चांगली?’ मध्येच एक ओळ सहज लिहून गेलात: ‘शिमग्याला गावी पालखीच्या गडबडीत आठ दिवस गोळ्या राहिल्या, चिपळूणला आल्यावर परवापासून परत 200 ची सुरू केली.’

आज रात्रीची लॅमोट्रिजिन, म्हणजे मनाचा तोल राखणारी ही गोळी, देऊ नका. मनोविकारतज्ज्ञांना आत्ता फोन लावा आणि ही ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा. बाकीच्या गोळ्यांचा खंडही सांगा.

पाचसहा दिवसांच्या खंडात हे औषध शरीरातून जवळजवळ निघून जातं. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं: 25 मिलिग्रॅम दोन आठवडे, 50 दोन आठवडे, 100 एक आठवडा, मग 200. सोबत व्हॅल्प्रोएट (मनाचा तोल राखणारी दुसरी गोळी) असेल तर याच्या निम्म्याने, कारण त्याने लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी दुपटीच्या आसपास जाते. एकदम 200 घेतली की अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. क्वचित कातडी सोलवटते, जीवावर बेततं. या उकाड्यात लाल पुरळ दिसलं की घामोळं समजून पावडर लावत बसाल, म्हणून बजावते. पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आता ‘दुसरी कुठली’. क्वेटियापिन रात्री 300 पर्यंत नेतात. झोप फार येते, वजन-साखर वाढते. ल्युरासिडोन पोटभर जेवणासोबतच, निदान 350 कॅलरी हव्यात. नुसत्या पेजेवर ती नीट शोषली जात नाही. तुमच्या बहिणीची डिप्रेशनची गोळी त्यांना द्यायचा विचार असेल तर ती मात्र अजिबात नको, बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो. पण निवड डॉक्टर करतील, आणि तीही खंड कळल्यावरच. खंड पडलेल्या गोळीला नापास कसं करता?

डॉक्टर भेटत नसतील तर रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. यजमान मरणाची भाषा बोलू लागले तर एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर कधीही फोन करा.

गाऱ्हाणं घालायचं तर घाला, त्याने गोळी अडत नाही. फक्त गणपतीला गावी जाताना गोळ्या तुमच्या पर्समध्ये असू द्या, त्यांच्या बॅगेत नको.