रक्ताच्या अहवालावरून जंतांचे निदान होते का?

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे असून सत्तरीत आमचे कुळागर (पोफळीची बाग) आहे. गेले दोन महिने त्यांना थकवा जाणवतो व अधूनमधून पोटात दुखते. आरोग्य केंद्रात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.२, पांढऱ्या पेशी ९,२०० आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १४ टक्के आले. जंतांचा संशय आल्याने एकदा मलतपासणी केली, पण तीत काही सापडले नाही. आता एका खासगी प्रयोगशाळेने रक्तातून जंत ओळखणाऱ्या चाचण्यांचा संच सुचवला आहे. रक्तावरून जंतांचे निदान खात्रीने होते का?
— एक वाचक भगिनी, वाळपई

उत्तर : गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी हे आपल्याकडे मातीतून होणारे नेहमीचे तीन कृमी. यांचे खात्रीचे निदान करणारी रक्तचाचणी रोजच्या वैद्यकीय व्यवहारात नाही. रक्तातून संशयाला बळकटी मिळते, पण कृमी कोणता आहे हे अजूनही मलातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरवावे लागते. तुमच्या यजमानांच्या अहवालात मात्र नीट वाचल्यास पुष्कळ काही सांगणाऱ्या दोन खुणा आधीच आहेत.

पहिली खूण इओसिनोफिलची. येथे टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या महत्त्वाची असते. ९,२०० चे १४ टक्के म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे १,२९० इओसिनोफिल होतात. ही संख्या ५०० पर्यंत असणे स्वाभाविक मानले जाते, ५०० ते १,५०० ही सौम्य वाढ समजतात. वाढ सौम्य असली तरी कुळागरात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. रंग दिलेल्या काचपट्टीवर या पेशी चटकन ओळखू येतात, कारण त्यांच्या दोन पाळ्यांच्या केंद्रकाभोवती नारिंगी-तांबूस कण दाटीने भरलेले दिसतात. कृमीची अळी शरीराच्या ऊतींमधून प्रवास करू लागली की या पेशींची संख्या वाढते. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीत शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेथून घशाशी येऊन गिळली जाते आणि मग लहान आतड्यात स्थिरावते. कातडीत शिरल्यापासून मलात अंडी दिसू लागेपर्यंत साधारण पाच ते नऊ आठवडे जातात आणि गोल जंतांच्या बाबतीत तर दोन ते तीन महिने लागतात. या मधल्या काळात इओसिनोफिल वाढलेले आणि मलाचा अहवाल निर्दोष, अशी विसंगती दिसणे अगदी शक्य आहे. उलट कृमी आतड्यात स्थिरावून बराच काळ लोटला की ही संख्या उतरू लागते, त्यामुळे इओसिनोफिल प्रमाणात आहेत एवढ्यावरून जंत नाहीत असेही म्हणता येत नाही. अमिबा आणि जिआर्डिया हे एकपेशीय जीव असून त्यांच्यामुळे ही वाढ सहसा होत नाही.

इओसिनोफिल वाढण्याची इतर कारणेही आपल्या प्रदेशात भरपूर आहेत. दमा, नाकाची ॲलर्जी, इसब, काही प्रतिजैविके व फिटांवरची औषधे ही त्यांतली नेहमीची. गोव्याच्या पावसाळ्यात भिंतींवर आणि कपाटांत जी बुरशी धरते, तिची ॲलर्जी असलेल्यांचे इओसिनोफिल वाढलेले आढळू शकतात. रात्री कोरडा खोकला व धाप असून संख्या ३,००० च्या पुढे गेली असेल, तर हत्तीरोगाच्या कृमीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचा विचार करावा लागतो आणि त्याचे औषध निराळे असते. तुम्हाला सुचवलेल्या संचात बहुधा एकूण आयजीईची, म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या प्रतिपिंडांची, चाचणी असेल. आयजीई कृमींमुळे वाढते तशीच ॲलर्जीमुळेही वाढते, म्हणून या चाचणीवर पैसे खर्च करून निदान पुढे सरकेल असे मला वाटत नाही.

दुसरी खूण कमी असलेल्या हिमोग्लोबिनची, आणि माझ्या मते ती अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. त्याच्या दोन मुख्य जातींपैकी अँकायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो, तर नेकेटर जातीचा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके. असे शंभर कृमी महिनोन्महिने आतड्यात राहिले, तर शरीरातील लोहाचा साठा हळूहळू रिता होतो. म्हणून यजमानांच्या लाल पेशींचा सरासरी आकार आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पाहून घ्या. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता निश्चित समजावी, मात्र शरीरात कोठे दाह असेल तर कमतरता असूनही फेरिटिन वाढलेले दिसू शकते. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. या वयाच्या पुरुषाच्या शरीरात लोह कमी पडले, तर त्याचा सगळा दोष जंतांवर टाकून मोकळे होऊ नये. जठरातील व्रण, मूळव्याध, क्वचित मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतूनही असेच नकळत रक्त जात राहते. जंतांचे औषध आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, तर दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यास विलंब करू नका.

संचातील उरलेल्या चाचण्या कृमींविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीज) असतील. संसर्ग बरा झाल्यावरही प्रतिपिंडे बराच काळ रक्तात राहतात. शिवाय एका कृमीविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत प्रतिसाद देऊ शकतात. लहानपणापासून मातीत काम केलेल्या माणसाच्या रक्तात ती सापडली, तर कृमी आज आहेत की पूर्वी कधी तरी होते, हे त्यावरून उलगडत नाही.

तेव्हा तो खर्च तूर्त टाळा आणि मलतपासणीच पुन्हा, पण नीट करून घ्या. वेगवेगळ्या तीन दिवशींचे तीन नमुने द्यावेत. नमुना सकाळचा ताजा असावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये आणि तो शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. आपल्या उष्ण हवेत तो दिवसभर तसाच राहिला तर अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि तपासणाऱ्याची गफलत होऊ शकते. अंडी एकवटणाऱ्या पद्धतीने तपासणी करावी, अशी विनंती डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहायला सांगा. तिन्ही नमुन्यांत काही न सापडल्यासही डॉक्टर अल्बेंडाझोल हे जंतांचे औषध देऊ शकतात. औषधानंतर दोन-तीन महिन्यांनी इओसिनोफिलची संख्या पुन्हा मोजावी. ती उतरली नसेल तर या पानावरील शेवटचे उत्तर तुमच्याही उपयोगाचे आहे.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलीला रात्री गुदद्वाराशी खूप खाज येते. रक्ताचा अहवाल अगदी व्यवस्थित आला आहे. म्हणजे जंत नाहीत, असे समजावे का?
— एक पालक, पेडणे

उत्तर : नाही. हे वर्णन सुतासारख्या बारीक पांढऱ्या कृमींचे आहे. ते ऊतींमधून प्रवास करीत नसल्याने रक्तात सहसा कोणतीही खूण उमटत नाही. त्यांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, म्हणून मलाच्या नमुन्यातही ती बऱ्याचदा सापडत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, अंग धुण्यापूर्वी, तेथील त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर चिकटवून न्यावी. औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावे व दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. नखे कापावीत आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी मुलीला जरूर द्यावी, पण घरातील इतरांना लागण असेल तर तेवढ्याने भागत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८. त्यांची सारी हयात पोफळीच्या बागेत गेली. आता संधिवातासाठी त्यांना स्टिरॉइड सुरू करायचे आहे. तत्पूर्वी जंतांसाठी रक्त तपासावे, असे एका परिचित परिचारिकेने सुचवले. याची खरोखर गरज आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आहे, आणि त्या परिचारिकेने अगदी योग्य वेळी योग्य सल्ला दिला आहे. पहिल्या उत्तरात प्रतिपिंडांच्या चाचणीविषयी जे लिहिले, त्याला स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी महत्त्वाचा अपवाद आहे. तोही अंकुशकृमीप्रमाणे ओल्या मातीतून कातडीवाटे शिरतो. मात्र त्याची अंडी आतड्यातच फुटतात आणि काही अळ्या तेथूनच पुन्हा शरीरात शिरून नवी पिढी निर्माण करतात. त्यामुळे बाहेरून नवा संसर्ग न होताही तो दशकानुदशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर जुंपलेल्या युद्धकैद्यांपैकी काहींच्या शरीरात तो मायदेशी परतल्यावर अनेक दशकांनी आढळला. मलातील अळ्यांची संख्या फार कमी असल्याने एका नमुन्याच्या तपासणीत हा संसर्ग निम्म्याहून अधिक वेळा निसटतो.

एरवी हा कृमी फारसा त्रास देत नाही. स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबली की मात्र अळ्या बेसुमार वाढून सर्व अवयवांत पसरतात, जाताना आतड्यातील जिवाणू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत नेतात आणि रुग्ण दगावू शकतो. त्या अवस्थेत इओसिनोफिल बहुधा वाढलेले नसतात, म्हणजे नेमक्या संकटाच्या वेळी ही खूण हाती लागत नाही. म्हणूनच इओसिनोफिलची संख्या आणि स्ट्राँगिलॉइडिसची आयजीजी प्रतिपिंडे या दोन्ही गोष्टी स्टिरॉइडपूर्वी पाहाव्यात. स्टिरॉइड सुरू झाल्यावर चाचणी खोटा नकार देण्याची शक्यताही वाढते. कंबर, नितंब किंवा मांड्यांवर खाजणारी लाल वळवळती रेघ उठते आणि तासाभरात काही सेंटिमीटर पुढे सरकते, असे वडिलांना कधी झाले होते का, हे त्यांना मुद्दाम विचारा आणि झाले असल्यास डॉक्टरांना सांगा.

चाचणी होकारार्थी आली तर आयव्हरमेक्टिन देतात. मात्रा दर किलो वजनाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. या कृमीवर अल्बेंडाझोलची एक गोळी पुरेशी ठरत नाही. अहवालाला वेळ लागणार असेल आणि स्टिरॉइड लांबवणे शक्य नसेल, तर केवळ संशयावरून हे औषध आधी द्यायचे का, याचा निर्णय संधिवाताच्या डॉक्टरांनी घ्यावा. तुम्ही तो विषय त्यांच्याकडे स्वतःहून काढावा. उपचारानंतर सहा ते बारा महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी पुन्हा मोजावी आणि ती स्पष्टपणे उतरलेली नसल्यास पुन्हा उपचार करावे लागतील का, हे डॉक्टरांना विचारावे.