परदेशात गेलेली लेक रोज घरचेच रांधते, म्हणून काळजी करावी का?

जळगावात समुपदेशन करताना पालकांकडून एक प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. शिक्षणासाठी जर्मनीला, आयर्लंडला किंवा कॅनडाला गेलेले मूल तिकडेही रोज भाकरी-भाजीच करून खाते, तेव्हा ते तिथे रुळत नाही असे समजायचे का? या प्रश्नाचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देणे मला सोयीचे वाटते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यावल तालुक्यातील हे केळी पिकवणारे कुटुंब. मुलगी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत गेलेली आणि सामाईक स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहणारी. आईवडील दोघेही मला भेटायला आले. आईचे म्हणणे असे, "मॅडम, दर रविवारी भरीत करते आणि पहिला घास घेतला की रडते. आम्ही सांगून थकलो, की बाई, तिथलं खायला शीक, तरच तिथली होशील." वडिलांनी शेवटी एकच विचारले, की तिला परत बोलावून घ्यावे का. लेक सज्ञान असल्यामुळे याचे उत्तर तिच्याशी बोलल्याशिवाय देता येणार नाही, असे मी सांगितले. तिची तयारी होती. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणून आमची बोलणी रात्री, व्हिडिओ कॉलवर होऊ लागली.

पहिल्याच बोलण्यात तिने भरताची सगळी कृती सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात. वांगी जांभळी, चकचकीत आणि जाड सालीची. आपल्याकडची फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी तिथे कुठली मिळायला? विजेच्या शेगडीवर वांगे भाजता येत नाही, म्हणून ते टोचून ओव्हनमध्ये ठेवायचे. ते मऊ होते, पण धुराचा वास त्याला लागत नाही. मिरच्या आणि लसूण भाजून जाड पेल्याच्या बुडाने ठेचायचे, कारण लाकडी बडगी काही विमानातून नेलेली नाही. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. हे सारे ताटात वाढून घ्यायचे, खोलीचे दार लावायचे आणि एकटीने जेवायला बसायचे. निम्मे भरीत दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जायचे. त्यातच कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारावर वासाबद्दल चिठ्ठी लावली, तेव्हापासून ती रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, खिडकी उघडी टाकून फोडणी देऊ लागली होती. "मी फार कमकुवत आहे," हा निष्कर्ष तिचा तिनेच काढून ठेवला होता.

घरच्या चवीची ओढ हा कमकुवतपणा नव्हे, हे तिला आणि पालकांना मी वेगवेगळे सांगितले. वासाची संवेदना मेंदूतल्या भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट पोहोचते, त्यामुळे लसणाच्या फोडणीने डोळ्यांत पाणी येणे यात नवल काही नाही. जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गॅब्रिएल या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असे दिसले होते, की मनाला उभारी देणारे ओळखीचे अन्न माणसाला जिव्हाळ्याच्या नात्यांची आठवण करून देते आणि ज्यांची नाती मुळात सुरक्षित असतात त्यांचा एकटेपणा त्याने काहीसा हलका होतो. मग हिचा तो हलका का होत नव्हता?

मी तिला विचारले, की गावी तुमच्याकडे भरीत कसे होते. तिला हसू आले. वांगी किलोने आणायची, थंडीत शेतात तुरकाठ्यांचा किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, भाजण्याचे काम काका आणि चुलतभावांचे, ठेचण्यावरून भांडण ठरलेले, आणि बायका कळण्याच्या पुऱ्या तळत बसलेल्या. चातुर्मासात वांगे वर्ज्य असणाऱ्या घरांत तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवल्यावरच ते ताटात येते. म्हणजे त्याचा मुहूर्तदेखील सगळ्यांचा एकच. एका माणसापुरते भरीत तिने जन्मात कधी पाहिले नव्हते. दर रविवारी ती पंधरा-वीस जणांचा पदार्थ एकटीसाठी करत होती आणि ताट समोर आले की न आलेली माणसे मोजत होती.

माझ्या मते या प्रश्नाची मेख इथे आहे. आपल्या घरच्या जेवणात दोन जाती असतात. मुगाची खिचडी, फौजदारी डाळ, पिठले, डुबुकवड्या हे पदार्थ एकट्या थकलेल्या माणसाला पोटभर आधार देतात. भरीत, वरण-बट्टी, खापरावरची पुरणपोळी यांना मात्र पंगत लागते. आईवडील स्वयंपाकच बंद करायला सांगत होते, म्हणजे उपयोगी पडणारा आधारही काढून घेत होते.

तेव्हा आम्ही असे ठरवले, की आठवडाभर साधे, एका भांड्यात होणारे घरचे जेवण बिनदिक्कत करायचे आणि भरीत महिन्यातून एकदा, तेही किमान दोन माणसे जेवायला असतील तरच. त्याआधी चिठ्ठीचा उलगडा करणे भाग होते. त्यासाठी तिला धीर गोळा करायला बराच वेळ लागला, आणि मी घाई केली नाही. विचारल्यावर कळले, की चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीचा आक्षेप पदार्थाला नव्हता. मार्गिकेत टांगलेल्या कोटांना फोडणीचा वास लागत होता. दार लावायचे, धूर ओढणारा पंखा आधीच सुरू करायचा आणि रात्री दहानंतर फोडणी द्यायची नाही, एवढ्यावर मिटले. पहिल्या भरताला एक तुर्की मैत्रीण आली. भाजलेले वांगे तिच्याही घरचे. तिनेच सांगितले, की शहरातल्या ठरावीक बागांमध्ये कोळशावर भाजायला परवानगी असते. वसंत ऋतूत त्यांनी तिथे वांगी भाजली. ती चव यावलची नव्हती, असे लेकीने मला प्रामाणिकपणे सांगितले, पण त्या दिवशी भरीत उरले नाही.

आईकडेही काम होते. "काय खाल्लंस?" या रोजच्या चौकशीऐवजी "कोणाबरोबर जेवलीस?" असे अधूनमधून विचारावे, असे मी सुचवले. सामानातून तूप आणि पेढे पाठवण्याचा त्यांचा आग्रह मात्र नियमानेच मोडला, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानात नेता येत नाहीत. काळा मसाला आणि कळण्याचे पीठ यांवर त्यांनी समाधान मानले, तेही कुरकुरतच.

वडिलांच्या प्रश्नाला मी "नाही" असे उत्तर दिले, कारण लेक वर्गाला जात होती, झोपत होती, वेळेवर काम पूर्ण करत होती. मूल काय रांधते यापेक्षा या गोष्टी पाहाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, झोप किंवा भूक उडाली, वजन घटू लागले, वर्ग बुडू लागले, कोणाचेच फोन घ्यावेसे वाटेनात, किंवा जगण्याचाच कंटाळा बोलण्यात आला, तर मात्र थांबू नये. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी 'श्टुडिरेंडेनवेर्क' या संस्था बहुतेक ठिकाणी मानसिक समुपदेशन देतात आणि इतर देशांतही विद्यापीठांची अशी सोय पुष्कळदा असते. इथे बसून काळजीने झोप उडालेल्या पालकांना 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.