मिनोटॉरासॉरस हा चिलखती डायनासोर भारतातला आहे का? मग नावात रामचंद्रन कसे?

नाही, मंगोलियाचा. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्याची कवटी विकत घेऊन अभ्यासाला दिली, म्हणून २००९ मध्ये ‘मिनोटॉरासॉरस रामचंद्रनी’ असं नाव ठेवलं गेलं. शोधनिबंध आपल्या भारतातल्या ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला.

कवटी जवळपास अख्खी, खालच्या जबड्यासकट. पण बाजारातून आलेली, त्यामुळे कोणत्या थरातून खणली याचा पत्ता नाही. त्याच प्राण्याची दुसरी कवटी मंगोलियातल्या उखा तोलगोद या ठिकाणची असल्याचं २०१७ मध्ये मांडलं गेलं, तेव्हा कुठे ठिकाणाचा धागा हाती लागला.

माझं दुखणं नेमकं हेच आहे. माझं आजोळ वरोरा तालुक्यात, पिसदुऱ्याच्या बाजूला. मामाच्या वावरात वखर चालला की गोटे निघायचे. डायनासोरच्या काळातली विष्ठा, दगड झालेली. हाडाचे तुकडेही निघत. फुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसायची आणि जीभ लावली की चिकटायची. कोणता तुकडा कोणत्या धुऱ्याजवळ सापडला ते मी वहीत लिहून ठेवायचो. एका उन्हाळ्यात मोटारसायकलवर एक माणूस आला आणि सगळं पोत्यात भरून घेऊन गेला. मामा म्हणाला, ‘गोटेच तं आहेत, वावरात पडूनच रायते!’ वही तेवढी माझ्याकडे राहिली.

मामा अजूनही विचारतो, तू काय केलं असतं त्याचं? मामा, पिसदुऱ्याच्याच अशा गोट्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यावरून जगाला कळलं. ते गोटे कुठल्या थरातले हे माहीत होतं म्हणूनच ना? तेच पोत्यात गेले असते तर कोणाच्या तरी टेबलावर कागद दाबत बसले असते.

जीवाश्म विकत घेणारा कितीही मोठा विद्वान असो, मला तो व्यवहार पटत नाही. रामचंद्रन यांनी कवटी अभ्यासाला दिली हे चांगलंच केलं. मामालाही त्या वर्षी पैशाची नड होती, तेही मान्य. आणि वावरातला प्रत्येक गोल गोटा जीवाश्म नसतो.

तुमच्याकडे काही निघालं तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. घरातलं कोणी ‘गोटाच तं आहे’ म्हणालं तरी.